आधी झोपेचं बघू या का?

मानसशास्त्राच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एका अल्पसंख्याक समाजातले गृहस्थ आले. तक्रार झोपेची. मीही अल्पसंख्याकच, पण वेगळ्या समाजातली; त्यामुळे आपल्याला हे कळतंच अशी माझी समजूत. शिवाय आदल्या रात्री त्यांच्या समाजावरचं पुस्तकातलं प्रकरण वाचून काढलेलं. कुटुंबाचा दबाव, स्थलांतर, भेदभाव, एकेक मुद्दा विचारत सुटले. वीसेक मिनिटांनी ते म्हणाले, "मॅडम, आमच्या लोकांचं झालं विचारून. आता माझ्या झोपेचं बघू या का?"

सुपरव्हायझरनी डीएसएम-5मधली, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकातली, सांस्कृतिक मुलाखत हातात दिली. 2013 सालच्या या आवृत्तीत तिचे 16 प्रश्न आहेत. सगळे एका दमात विचारायला जाऊ नका, चौकशी बसल्यासारखं वाटतं. त्यातला एक मात्र मी कधी सोडत नाही: हा त्रास घरच्यांना, मित्रांना तुम्ही कसा सांगता? गृहस्थ म्हणाले, "घरी म्हणतो, रात्री पहाऱ्यावर असतो." मग खिडकीवर आलेल्या दगडाची गोष्ट निघाली. म्हणजे पुस्तकातलं प्रकरण खोटं नव्हतं. पण भेदभावाचं मी विचारलं तेव्हा "तसं काही नाही" म्हणून त्यांनी विषय मिटवला होता.

बुद्धीच्या चाचण्यांबाबत एकच सवय लावून घ्या. गुण काढण्याआधी मॅन्युअल उघडून नॉर्म्स, म्हणजे ज्यांच्याशी गुणांची तुलना करायची ते आकडे, कोणत्या मुलांवरून काढलेत ते पाहा. रॉबर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1972 मध्ये आपल्या समाजाच्या बोलीतले 100 शब्द घेऊन चाचणी बनवली. तिच्यात गोरी मुलं मागे पडली. ती बुद्धीने कमी होती असं कुणी म्हटलं नाही! चाचणी दुसऱ्या भाषेत घ्यावी लागली, तर अहवालात तसं स्पष्ट लिहा. आणि दुभाषी म्हणून पेशंटच्या मुलाला बसवू नका. आई तीन मिनिटं बोलते, मुलगा सांगतो, "ठीक आहे म्हणते."

तुम्ही स्वतः अल्पसंख्याक असाल तर आणखी एक. विभागात 'तशी' केस आली की ती तुमच्याकडे येणार. मला आधी ते कौतुक वाटलं. सहा महिन्यांनी माझ्या केसची वही चाळली, तर साध्या परीक्षेच्या भीतीची एकही केस नाही. बाकीचे शिकत होते ते मी शिकतच नव्हते. सुपरव्हायझरना वही दाखवली. पुढच्या आठवड्यापासून केस पाळीने वाटल्या जाऊ लागल्या.