युरिया टाकूनही भात पिवळंच? नायट्रोजनच्या बाबतीत या चुका टाळा

दरवर्षी आषाढात हीच रड. सरदाची, म्हणजे पावसाळी भाताची, लावणी होते, वीस-बावीस दिवसांनी युरिया फेकायचा, आठ दिवसांनी बघायला जावं तर भात तसंच पिवळं. मग दुकानात जाऊन अजून एक गोणी. गोव्यात डिचोलीच्या आमच्या शेतात मीपण दोन वर्षं हेच केलं, म्हणून छातीठोकपणे सांगतो, गोणी कमी पडत नव्हती, मीच भलत्या वेळी भलत्या जागी टाकत होतो.

आधी एवढं डोक्यात बसवा की ४५ किलोच्या गोणीत जो २० किलोच्या वर नायट्रोजन असतो तो बहुतेक करून आधी बॅक्टेरियाच्या हातात जातो आणि मग भाताच्या. पहिली टोळी युरिएज नावाच्या एन्झाइमने युरिया फोडून अमोनियम करते, हे काम दोन-चार दिवसांत उरकतं. दुसरी टोळी अमोनियमचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करते, पण तिला हवा लागते. तिसरी टोळी बरोबर उलट, हवा संपली की ती ऑक्सिजनच्या जागी नायट्रेट वापरून जगते आणि शेवटी त्याचा गॅस करून सोडून देते. भाताला अमोनियम चालतो, आवडतो म्हणा. म्हणजे पहिल्या टोळीला काम करू द्यायचं आणि बाकी दोघींना जमेल तेवढं लांब ठेवायचं.

आता चूक नंबर एक, जी सगळेच करतात, भरलेल्या पाण्यात युरिया फेकणे. सरदात फेकलात तर रात्री पाऊस कोसळतो, पाणी बांधावरून खालच्या कोपऱ्यात जातं आणि न फुटलेला युरिया मातीला धरून राहत नाही, तोही पाण्याबरोबर जातो, म्हणजे खत तुमचं आणि भात शेजाऱ्याचं हिरवं. वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातात, गंमत वेगळी. तेव्हा ऊन कडक, पाण्यात शेवाळ असतं, ते दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं आणि दुपारी पाण्याचा पीएच ९ च्या आसपास चढतो, तेवढ्या पीएचला अमोनियमचा अमोनिया होऊन सरळ हवेत. उपाय जुनाच आहे: पाणी काढा, चिखल दिसायला लागला की युरिया टाका, वीडर फिरवून किंवा पायाने तुडवून आत घाला, दोन दिवसांनी पाणी घ्या, आणि सगळा एकदम न टाकता दोन-तीन हप्त्यांत टाका.

आत घालायचं कारण पण ऐका. चिखलाचा वरचा पातळ थर सोडला की खाली हवा नसते. अमोनियमवर पहिला घाव घालणाऱ्या एन्झाइमचं नावच अमोनिया मोनोऑक्सिजिनेज, नावातच ऑक्सिजन, खाली ते उपाशी, म्हणून अमोनियम तिथे टिकतो. वर राहिलेल्याचं नायट्रेट होतं, ते पाण्याबरोबर खाली झिरपतं आणि तिसऱ्या टोळीच्या तोंडात पडतं. २०१५ पासून आपल्याकडे युरियाला कडुनिंबाचं तेल लावून देतात ते याच दुसऱ्या टोळीला मंद करायला, त्यामुळे गोणीला वास येतो म्हणून कटकट करू नका.

याच कारणाने शेत एकदा भेगा पडेपर्यंत सुकवायचं, मग तुडुंब भरायचं, परत सुकवायचं हा खेळ खत टाकल्यावर नको. सुकलं की नायट्रेट तयार, भरलं की तो खल्लास. त्यात आपली जांभ्याची माती आंबट. तिसऱ्या टोळीचं शेवटचं एन्झाइम, ज्यात तांबं असतं, ते आंबट मातीत नीट तयारच होत नाही, त्यामुळे साखळी नायट्रस ऑक्साइडवर अडकते, म्हणजे तो लाफिंग गॅस, जो वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटीच्याही वर आहे. आपल्याला हसू येत नाही ते सोडा.

आंबटपणावर चुना घालतात, बरोबर आहे, पण चुना आणि युरिया एकाच दिवशी? नको! चुन्याने अमोनिया पटकन उडतो, तिथे उभं राहिलात तर नाकालाच कळेल. चुना लावणीच्या आधी दोन-तीन आठवडे.

कुळागरवाल्यांची (माड-सुपारीच्या बागा असणाऱ्यांची) आणि कुंडीवाल्यांची चूक म्हणजे काथ्याचा कच्चा भुसा नाहीतर लाकडाचा भुसा थेट मुळाशी ओतणे. काथ्याच्या भुशात एका भाग नायट्रोजनला शंभराच्या वर भाग कार्बन. बॅक्टेरियाला तो खायचा तर नायट्रोजन हवाच, मग ते मातीतला ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं. शेणाबरोबर कुजवून मग वापरा.

अळसांद्याचं, म्हणजे चवळीचं, बघा. भात कापल्यावर पेरता, रायझोबियमचं (मुळांवर गाठी करून हवेतला नायट्रोजन पकडणाऱ्या बॅक्टेरियाचं) पाकीट आणता, ते स्कूटरच्या डिकीत उन्हात अर्धा दिवस, मग त्याच बियाण्याला बुरशीनाशक पण चोळता, वर युरियाची मूठ. राहिलं काय त्यात जिवंत? आणि सोयाबीनचं पाकीट अळसांद्याला चालेलच असं नाही, पिकाचं नाव वाचून घ्या. फुलं यायच्या सुमाराला एक रोप हळूच उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर काम चालू, पांढरी किंवा हिरवट म्हणजे बंद. हवेतला नायट्रोजन पकडणारं नायट्रोजिनेज ऑक्सिजन लागला की खराब होतं, म्हणून झाड गाठीत आपल्या रक्तासारखंच एक लाल प्रोटीन बनवतं, जे ऑक्सिजन मोजून मोजून देतं. बाहेरून आयता युरिया मिळाला की झाड गाठींचे लाड करत नाही.

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, कुजक्या अंड्यासारखा वास आला की काहीजण नायट्रोजन सडला म्हणतात. तो गंधकाचा वास, बॅक्टेरियाही वेगळे, तिथे युरिया टाकून काही होणार नाही, मानशीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) वेळेला पाणी काढायची सोय बघा.

आणि ती एन्झाइमची बाटली. मीपण घेतली एका दुकानातून, "नायट्रोजन फिक्स करणारं एन्झाइम" म्हणे. नायट्रोजिनेज असेल तर झाकण उघडताच गेलं. युरिएज असेल तर विकत कशाला, ते तुमच्या मातीत आधीच भरपूर आहे, शेंगांच्या बियांत पण असतं, १९२६ साली जेम्स समनर यांनी अबईच्या जातीच्या बियांतूनच त्याचे स्फटिक काढले, स्फटिक मिळालेलं ते पहिलं एन्झाइम, त्यावर १९४६ चं नोबेल मिळालं. बाकी एन्झाइम म्हणजे शेवटी प्रोटीन, मातीत उघडं पडलं की त्यातलं बरंचसं बॅक्टेरियाच खाऊन टाकतात. बाटली मात्र मजबूत निघाली, आता आईने त्यात फिनेल भरून ठेवलंय.