इंग्लंडमधलं जुनं गावचर्च कसं वाचावं

थेट आत शिरू नका. मी आधी बाहेरून पूर्ण फेरी मारतो. उत्तरेच्या भिंतीत बुजवलेलं दार बऱ्याचदा सापडतं. मनोऱ्यावर तिरकी रेघ दिसली, तर जुनं छप्पर तिथवर होतं.

मग कमानी. अर्धगोल असेल तर बहुधा नॉर्मन, म्हणजे फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावरचं, १०६६ नंतरचं शतकभर. अरुंद, टोकदार खिडकी साधारण तेराव्या शतकातली. खिडकीतली दगडी जाळी वळणंवळणं घेऊ लागली की १३०० नंतरचा काळ. तिचे उभे दगडी दांडे थेट वरच्या कमानीला भिडले की १३५० च्या पुढचा. पण खिडकीवरून भिंतीचं वय ठरवू नका! खिडक्या मागाहून बदलत. दगडही उसने असतात: डरहॅम परगण्यातल्या एस्कमच्या सातव्या शतकातल्या चर्चमध्ये रोमन दगड वापरलेत.

छपराखालच्या दगडी आधारांकडे मान वर करून बघाच. हेरफर्डशर परगण्यातल्या किल्पेकच्या चर्चला, साधारण ११४० च्या कोरीवकामात, कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी बसलेत. मला ते कुठल्याही संतापेक्षा आवडतात.

आत गेल्यावर दक्षिणेच्या भिंतीत तळाला भोक असलेला छोटा कोनाडा शोधा. पूजेची भांडी धुतलेलं पाणी त्यातून जाई. तो बाजूच्या दालनात असेल, तर तिथेही एकेकाळी वेदी होती.