रक्तदान केल्यावर रक्त लवकर भरून यायला काय करायचं

रक्त दिलं, बिस्कीट खाल्लं, ज्यूस प्यायला की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण रक्तातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या वेगाने भरून येते आणि सगळ्यात हळू जे भरतं त्याकडेच कुणी बघत नाही.

सगळ्यात आधी पाणी. 350 किंवा 450 मिली रक्त जातं ना, त्यातला पातळ भाग म्हणजे प्लाझ्मा एक-दोन दिवसात भरतो, तेव्हा त्या दिवशी पाणी, ताक, लिंबू सरबत भरपूर प्या आणि जिम दुसऱ्या दिवशीच.

लाल पेशींना वेळ लागतो. ऑक्सिजन कमी पडतोय हे कळतं किडनीला, ती एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन सोडते आणि मग कमरेच्या, छातीच्या, मणक्याच्या हाडांमधला बोन मॅरो काम वाढवतो. एरवीही तिथे सेकंदाला वीसेक लाख लाल पेशी बनतच असतात, कारण एक पेशी जगते साधारण 120 दिवस. दीड-दोन महिन्यात हिमोग्लोबिन बहुतेकांचं जागेवर येतं.

पण लोह! म्हाताऱ्या पेशी मोडल्या की त्यातलं लोह शरीर पुन्हा वापरतं, पिशवीत गेलेलं मात्र गेलंच. 450 मिलीमागे 200 ते 250 मिलिग्रॅम जातं आणि जेवणातून रोज मिळतं जेमतेम 1-2 मिलिग्रॅम, त्यातलंही बरंचसं रोजची घट भरण्यात संपतं. म्हणजे साठा भरायला कित्येक महिने.

म्हणून अळीव, मोडाची मटकी, पालेभाज्या, चालत असेल तर कलेजी खा, वर लिंबू पिळाच, क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. जेवणाला लागून चहा नको, तासभर तरी थांबा, हे मी सगळ्यांना हट्टाने सांगते. पूर्ण शाकाहारी असाल तर दूध-दही हवंच, नवीन पेशींना बी12 पण लागतं.

पुरुषांनी 90 आणि बायकांनी 120 दिवसांचं अंतर पाळायचं असा आपल्याकडे नियम आहे, पण वर्षातून दोन-तीनदा देत असाल, त्यात पाळी जास्त जात असेल तर नुसतं हिमोग्लोबिन बघून खूश होऊ नका, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा किती आहे हे सांगणारी रक्ततपासणी, ती पण करा, ते कमी असलं तर पुढचं रक्तदान लांबवा. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच, खासकरून घरात कुणाला थॅलेसेमिया, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, असेल तर. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका.