जुन्या शिलाई मशीनवर बॉबिन भरताना या चुका टाळा

चवथ (गणेश चतुर्थी) पंधरा दिवसांवर आली की आमच्या फोंड्याच्या बाजूला घराघरांतल्या जुन्या मशिनींवरची कापडे निघतात. पडदे, मखराचे कापड, मुलींचे परकर, सगळे एकदमच शिवायचे असते. त्याच दिवसांत शेजारच्या वहिनी दारात येऊन म्हणतात, "मशीन बिघडली गो, दोरा सारखा तुटतो." मी आधी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, काढून बघते. ती एका कडेला फुगलेली आणि दुसऱ्या कडेला रिकामी असते, किंवा बोटाने दाबली तर कापसासारखी मऊ लागते. मशीन मात्र धडधाकट असते.

पहिली चूक बाजारातच होते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली बॉबिन "बसते ना" म्हणून आपण घालतो. सिंगर कंपनीच्या मशिनींत 15 वर्गाची (क्लास 15) धातूची बॉबिन दोन्ही बाजूंनी सपाट असते, 66 वर्गाची किंचित फुगीर. व्यास जवळजवळ सारखाच, म्हणून नजर फसते. 27 आणि 28 या जुन्या वर्गांत तर होडीसारखे शटल (खालचा दोरा नेणारा भाग) आणि लांब, बारीक बॉबिन असते. दुकानात जाताना आपली जुनी बॉबिन सोबत न्या आणि दोन्ही एकमेकींना टेकवून बघा.

चाक मोकळे न करता बॉबिन भरणे

हातचाकाच्या मधोमध जो गोल नट असतो, तो सैल केल्याशिवाय बॉबिन भरू नये. चाक डाव्या हाताने घट्ट धरा आणि नट उजव्या हाताने आपल्याकडे फिरवा. आता चाक फिरेल, सुई जागची हलणार नाही. हे न करता भरत बसलात तर सुई रिकामीच वरखाली होत राहते आणि वर दोरा ओवलेला असला तर शटलमध्ये गुंता होतो.

नट सैल करूनही सुई फिरतच राहिली तर समजा की आत तेल चिकटून बसले आहे. आपल्याकडे हे फार दिसते, कारण घरात हाताशी असते ते खोबरेल, आणि तेच मशीनलाही घातले जाते. कृपा करून खोबरेल घालू नका. ते धुळीबरोबर गोंदासारखे घट्ट होते. नट आणि आतली वॉशर काढून घ्या, जुना चिकटा रॉकेलच्या चिंधीने पुसा (चूल, समई लांब ठेवून), मग मशीनच्या पातळ तेलाचा एकच थेंब सोडा. वॉशर काढण्यापूर्वी ती कशी बसली होती ते बघून ठेवा. परत लावल्यावर नट नीट आवळला जात नसेल तर वॉशर अर्धा फेरा फिरवून बसवा, बहुधा तेवढ्यानेच काम होते.

रबराची रिंग

बॉबिन भरायच्या चकतीवरची रबराची रिंग चाकाला टेकून फिरते. पावसाळाभर मशीन बंद राहिली की ती कडक होते, आणि चाकाला टेकून राहिली असेल तर एका जागी चपटी होते. मग बॉबिन थांबत थांबत भरते आणि दोरा कुठे सैल, कुठे ताठ बसतो. रिंग तेलकट झाली तर घसरतेच. बदला ती, फार महाग नसते.

दोरा कसा धरावा

दोरा रिळावरून थेट बॉबिनवर नेऊ नका. वाटेत ताण देणाऱ्या दोन लहान चकत्या असतात, त्यांच्या मधून तो गेलाच पाहिजे. टोक बॉबिनच्या भोकातून आतून बाहेर काढा, पाच-सहा फेरे होईपर्यंत धरा आणि मग बुडाशी कापा. शेपूट राहिले तर ते केसमध्ये, म्हणजे बॉबिन बसते त्या डबीत, अडकते. जुन्या दोऱ्यावरच नवा गुंडाळणे तर नकोच. काठोकाठही भरू नका, कडेपासून थोडी जागा सोडा.

पॉलिएस्टरचा दोरा भरताना पाय सावकाश चालवा. जोरात भरला तर तो ताणून बसतो, शिवणीत गेल्यावर आखडतो आणि नव्या पडद्याला चुण्या पडतात. दोऱ्याचा मोठा कोन (शंकूसारखे रीळ) मशीनच्या खुंटीवर चढवू नका, तो डुगडुगतो. कोन मशीनमागे पेल्यात उभा ठेवा, दोरा सरळ वर काढा आणि मग मशीनच्या वाटेला लावा. आजीच्या डब्यातली सुती रिळे दिसायला सुंदर असतात, पण आधी वीतभर दोरा ओढून बघा. सहज तुटला तर त्याने शिवू नका.

केसमध्ये बसवताना

15 वर्गात केसची उघडी बाजू आपल्याकडे धरून दोरा ओढला की बॉबिन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरायला हवी. उलटी फिरली तर बॉबिन काढा, पालथी घाला. मग केस दोऱ्याला लटकवा. ती स्वतःच्या वजनाने घसरू नये, हलका झटका दिल्यावर थोडी खाली यावी.

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे झाले तर मात्र दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. तो वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांत बसलेलाच नसतो. कापड दाबून धरणारा मशीनचा पाय वर करून दोरा पुन्हा ओवा. सुईची लांब खाच ज्या बाजूला, त्याच बाजूने ओवायचा. सुरुवातीला दोन्ही दोरे मागे घेऊन धरा आणि पायमशीन उलटी फिरू देऊ नका.

एवढे सगळे पाहून झाल्यावरच खालच्या दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या केसच्या स्क्रूला हात लावा, तोही पाव फेऱ्याहून कमी. आधी त्याची खाच कुठल्या दिशेला आहे ते कागदावर काढून ठेवा.