समुद्राखालच्या खोल भूकंपाची नोंद कशी वाचावी

फोनवर सूचना येते: 'भूकंप, तीव्रता ४.४, फिजी बेटांच्या दक्षिणेला.' बहुतेकांची नजर ४.४ वर अडकते. तुम्ही आधी खोली शोधा.

७० किलोमीटरपर्यंतचा भूकंप उथळ, ७० ते ३०० मध्यम आणि त्याखालचा खोल. साधारण ७०० किलोमीटरनंतर भूकंप होतच नाहीत. समजा, नोंदीत ५६० आहे. सगळ्यात खोल समुद्रसुद्धा जेमतेम ११ किलोमीटरचा. त्याच्याही कितीतरी खाली खडक हलला आहे. एवढ्या खोलीवरचा ४.४ चा धक्का वरून जाणाऱ्या बोटीलाही कळायचा नाही.

खोली नेमकी १० किंवा ३३ दिसली तर मात्र थांबा. पुरेशी माहिती नसली की हे आकडे बरेचदा गृहीत धरलेले असतात. खरी खोली दोन लहरींवरून काढतात: एक थेट भूकंपमापकाकडे येते, दुसरी आधी वर जाते आणि पृष्ठभागावर आपटून मग येते. ५६० किलोमीटरवरच्या भूकंपात त्यांच्यात सुमारे दोन मिनिटांचं अंतर पडू शकतं. म्हणून, थोडं उलटं वाटेल, पण खोल भूकंपाची खोली बऱ्याचदा उथळापेक्षा खात्रीने सांगता येते.

मग नकाशा उघडा. फिजीच्या पूर्वेला, टोंगाच्या खंदकाजवळ (समुद्रतळातली लांबलचक खोल दरी) पॅसिफिक भूपट्ट पश्चिमेकडे खाली घुसतो. त्यामुळे खंदकाजवळचे भूकंप उथळ आणि जसजसं पश्चिमेला जावं तसतसे खोल. असा तिरका पट्टा जपानखाली जपानी भूकंपशास्त्रज्ञ कियो वादाती यांनी १९३०च्या दशकात दाखवला. तुमची नोंद या उतारात बसते का, ते पाहा. महासागराच्या मधोमध, कुठलाही खंदक जवळ नसताना ५६० दिसलं, तर शंका घ्या.

त्सुनामीची चिंता इथे नको. त्यासाठी समुद्रतळ उचलला किंवा खचला जावा लागतो. १९ ऑगस्ट २०१८ ला फिजीजवळ, सुमारे ६०० किलोमीटर खाली, ८.२ चा भूकंप झाला. त्याची ऊर्जा ४.४ च्या सुमारे पाच लाख पट, तरीही मोठी हानी झाली नाही.

वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, ती आपल्या घड्याळाशी जुळवा. शेवटी 'स्वयंचलित' की 'तपासलेली' हा शेरा बघा. स्वयंचलित असेल तर काही तासांनी पुन्हा उघडा, ४.४ चं ४.२ झालेलं असू शकतं.