लातूरला पाणी रेल्वेने का आलं? वर्गात ऑनलाइन शोधउपक्रम असा घ्या

‘मराठवाड्यातील दुष्काळाची माहिती मिळवा’ असा गृहपाठ दिला की दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गाच्या वह्यांत एकच परिच्छेद येतो, स्वल्पविरामासकट. पोरांना बोलण्यात अर्थ नाही. प्रश्नच असा आहे की उतरवून काढणं हेच त्याचं सरळ उत्तर.

यावर एक जुनी पद्धत आहे, वेबक्वेस्ट. सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीतले बर्नी डॉज यांनी १९९५ मध्ये ती मांडली, टॉम मार्च सोबत होते. मुलांचा वेळ माहिती शोधण्यात नाही, ती वापरण्यात जावा, हे तिचं सूत्र. म्हणून लिंक शिक्षकानेच आधी निवडून द्यायच्या.

प्रश्न घडवा. सगळ्यात जास्त डोकं इथेच लावा. आठवी-नववीसाठी एक विषय घेऊ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. ‘पाणी रेल्वेने का आणावं लागलं?’ एवढंच विचारलंत तर ‘पाऊस कमी पडला’ एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा: ‘२०१४ मध्ये लातूरच्या पाण्याचे निर्णय तुमच्या हातात असते, तर सर्वांत आधी काय बदललं असतं? आणि त्याची झळ कुणाला बसली असती?’ दुसरा भाग गाळू नका. तो नसेल तर सगळे गट ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ लिहून मोकळे होतात.

भूमिका वाटा. चार गट पुरेत: ऊस लावणारा शेतकरी, महापालिकेचा पाणीपुरवठा अभियंता, टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी असलेली बाई आणि धरणाकाठचा गावकरी. हा चौथा विसरला जातो. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण धनेगावला, म्हणजे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात आहे, हे नकाशावर पाहिल्याशिवाय बऱ्याच मुलांच्या ध्यानात येत नाही. उसाच्या गटाला एक गोष्ट आधीच सांगा: सुरू (जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास लावलेला) ऊस सुमारे १२ महिने शेतात उभा असतो, अडसाली (जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला) १६ ते १८. उन्हाळा टळत नाही. पण साखर कारखान्यामुळे हातात पैसा येतो, हेही त्याच गटाने ठासून मांडलं पाहिजे. उसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून तास संपवू नका.

लिंक निवडा. प्रत्येक गटाला दोन, फार तर तीन. पावसाच्या आकड्यांसाठी कृषी विभागाचं महारेन, लोकसंख्येसाठी जनगणनेची जिल्हा पुस्तिका, आणि एप्रिल २०१६ मधल्या दोन बातम्या, शक्यतो एकमेकींशी न जुळणाऱ्या. गूगल अर्थवरचा टाइमलॅप्स मात्र सगळ्या वर्गाला एकदम दाखवा. धनेगावचा जलाशय मोठा करा आणि १९८४ पासून एकेक वर्ष पुढे सरका. पाण्याची फाटेफुटीची कड कुठल्या वर्षी पसरते, कुठल्या वर्षी आकसून भोवती गाळाचा पट्टा उघडा पडतो, ते मुलांनाच टिपू द्या. तुम्ही गप्प राहा. हे जमायला अवघड जातं.

रेंजच्या भरवशावर राहू नका. लागणारी पानं आदल्या दिवशी पीडीएफ करून ठेवा, महत्त्वाची दोन-तीन छापून घ्या. गटामागे एक फोन चालतो. स्वतःचा फोन देऊ नका, ऐन वेळी माहिती मागणारा फोन येतोच. शोधपट्टीखाली आपोआप येणारं तयार उत्तर या तासापुरतं बाद.

घरी विचारायला लावा. इंटरनेटवर न सापडणारा पुरावा इथे मिळतो. एकच प्रश्न द्या: ‘त्या उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी किती दिवसांनी यायचं?’ आजी एक सांगेल, शेजारचे काका दुसरं, बातमीत तिसरंच असेल. तिन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि फरक का पडला ते विचारा. गल्ली वेगळी? महिना वेगळा? की इतक्या वर्षांनी आठवण सरमिसळ झाली? खरं कोण, याचा निकाल लगेच देऊ नका; आणखी काय पाहिलं तर कळेल, ते मुलांकडून काढून घ्या. मला विचाराल तर या अर्ध्या तासासाठी बाकीचा खटाटोप.

गुण आधीच सांगा. १० पैकी ४ पुराव्याला, ३ दुसऱ्या बाजूचं म्हणणं नीट मांडल्याबद्दल, ३ दोन साधनं ताडून पाहिल्याबद्दल. सजावटीला शून्य. नाहीतर सगळा वेळ रंगीत चार्टमध्ये जातो.

पहिल्या वेळी चार तासिका धरा. पुढे विषय भरपूर आहेत. पैठण आणि तेरहून भडोचला जाणाऱ्या मालाचा उल्लेख पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासपुस्तिकेत आहे. तो मार्ग नकाशावर आखता येतो. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तिथे जिल्ह्यातल्या हुतात्मा स्मारकांपासून सुरुवात करा. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप घेतलात, तर भूमिका वाटू नका. त्या भागातल्या वर्गात कुणाच्या घरचं माणूस गेलेलं असू शकतं. तिथे पुनर्वसित गावांची आखणी जुन्या गावठाणाशी ताडून पाहणं बरं.

फाइल जपून ठेवा, पण दर जूनमध्ये लिंक उघडून पाहा. सरकारी संकेतस्थळांचे पत्ते बदलत राहतात.