पाऊस लागण्याआधी ब्रेकची तयारी

मे संपत आला की वायपर बदलायची आठवण होते, छत्री गाडीत जाते. ब्रेककडे मात्र आवाज येईपर्यंत कुणी बघत नाही. ठाणे-नवी मुंबईत रोज गाडी चालवत असाल तर पहिल्या सरीआधी गॅरेज गाठा आणि चाकं काढूनच ब्रेक तपासायला सांगा. पुढचे पॅड, म्हणजे चाकाच्या डिस्कला (लोखंडी चकतीला) दाबून धरणारे तुकडे, किती उरलेत आणि मागे ड्रम (डब्यासारखे ब्रेक) असतील तर आतले लायनर (घासणाऱ्या पट्ट्या) कसे आहेत, हे शेजारी उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ब्रेक दाबताना बारीक किंचाळी येत असेल, तर बऱ्याच गाड्यांत ती पॅड संपत आल्याची खूण असते. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो, त्याची खरखर दोन-चार ब्रेकमध्ये जाते. ती गेली नाही तर गाडी त्याच दिवशी दाखवा.

त्याच फेरीत ब्रेक ऑइल बदलून घ्या, दोन वर्षं उलटली असतील तर नक्कीच. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. नवं डॉट ४ प्रतीचं ऑइल २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांच्या आसपास उतरू शकते. सतत ब्रेक दाबून उतार उतरताना ऑइल इतकं तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. मग पाय नुसता बुडबुडे दाबतो, चाकापर्यंत जोर पोचत नाही.

म्हणूनच गायमुखचा घाट किंवा मुंब्रा बायपास उतरताना गिअर आधीच खाली आणा. दुसरा-तिसरा गिअर, गाडी इंजिनच्या ओढीवर, ब्रेक थोडा वेळ दाबून सोडलेला. ऑटोमॅटिकमध्ये एल (लो, म्हणजे खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड त्यासाठीच असतो. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, असं करू नका. सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, आणि मागे कंटेनर असेल तर उतारावर त्याच्याही ब्रेकवर तसाच भार असतो.

टायरच्या नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी. मी पावसाळ्यात ३ च्या खाली जाऊ देत नाही. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. पाम बीच रोडसारख्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर पाणी साचलं की वेगातली गाडी पाण्यावर तरंगायला लागते, स्टिअरिंग एकदम हलकं वाटतं. तेव्हा ब्रेक ठोकायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि पकड परत येऊ द्यायची.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. उन्हाळाभर सांडलेलं तेल आणि धूळ ओली होऊन रस्ता निसरडा होतो. घोडबंदर रोडला बांधकामाचा चिखल त्यात भर घालतो. उड्डाणपुलांचे लोखंडी जोड आणि पांढरे पट्टेही निसरडे असतात, त्यांच्यावर ब्रेक टाळा, आधीच वेग उतरवा. ताशी ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते, आणि पाय ब्रेकवर पोचायलाच एक सेकंद लागतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट होतं. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की तुमची गाडी त्याच खांबाशी पोचेपर्यंत मोजा: कोरड्यात किमान दोन सेकंद, पावसात चार. मधे कोणी घुसेलच. घुसू द्या, पुन्हा अंतर वाढवा. ठाणे-बेलापूर रोडला भरलेल्या ट्रकपुढे शिरून अचानक ब्रेक मारू नका, तो तुमच्याइतक्या जागेत थांबू शकत नाही.

तुमच्या गाडीत एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा, आहे का, हे आत्ताच माहीत करून घ्या. असेल तर आणीबाणीत पेडल पूर्ण दाबून धरा. पायाखाली थरथर जाणवते, ती यंत्रणा काम करत असल्याची. घाबरून पाय काढू नका, स्टिअरिंगने वाट काढा. नसेल तर चाकं घसरू लागताच पेडल किंचित सोडून पुन्हा दाबायचं.

वंदना टॉकीजसारख्या सखल भागात पाणी भरलं तर शक्यतो दुसरी वाट घ्या. जावंच लागलं तर बाहेर पडल्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, हळू चालवत ब्रेक हलका दाबत रहा, म्हणजे पॅड सुकतील. ड्रमला वेळ जास्त लागतो. ओल्या गाडीला रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवला तर लायनर चिकटू शकतात. जागा सपाट असेल तर गाडी गिअरमध्ये लावा, चाकाखाली दगड ठेवा.

चालकाच्या पायाशी पाण्याची बाटली, छत्री, सुटी मॅट काही नको. ती पेडलखाली गेली तर वरची सगळी तयारी वाया.

ब्रेक न लागता पेडल नुसतंच खाली गेलं तर काय करायचं, हे घरी दोनदा मनात घोळवा. पेडल भराभर दाबा, दाब परत येऊ शकतो. गिअर एकेक खाली आणा. हँडब्रेकच्या दांडीचं बटण दाबून ठेवत ती हळूहळू ओढा, झटका दिला तर मागची चाकं अडकून गाडी फिरेल. हँडब्रेकला दांडीऐवजी नुसतं बटण (इलेक्ट्रिक) असेल तर बहुतेक गाड्यांत ते बटण धरून ठेवावं लागतं. आपल्या गाडीचं मॅन्युअल त्यासाठी आजच उघडा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.